चिकटलंय, पण धरलंय का?

४ नोव्हेंबर

डावा पंख आज ठोक्याला नापास झाला. दोन जागी. जागा पुसली, लेझरच्या फटक्याआधी लागतो तो पाण्याचा थर नव्याने चढवला, परत ठोका मारला. परत नापास. मशीन बंद करून चालू केलं, तरी तेच. मग मी स्टुलावर बसूनच राहिले. रंगारी जाता जाता म्हणाला, "मॅडम, बरं नाही का?"

बरं कसं असेल? विमान मालकांचं असलं तरी पंख माझ्या नवऱ्याचा आहे. पंखाची कार्बनची कातडी आतल्या कण्याला एकाही रिव्हेटशिवाय चिकटवलेली आहे, आणि ती ज्याने चिकटते ते रसायन शोधण्यात त्याने सगळी उमेद घातली. मोठ्या भट्टीशिवाय, नुसत्या उबेत घट्ट होतं. म्हणून तर आमच्या टीचभर कारखान्याला सहा माणसांचं विमान बांधायची स्वप्नं पडली. कारखान्यात सगळे त्या रसायनाला डिंक म्हणतात आणि त्याला डिंकमास्तर. मला तोडफोडबाई. तो जोडतो, मी मोडून बघते. लग्नात त्याच्या मामांनी विचारलं होतं, "यांचा संसार टिकणार कसा?" तेव्हा फार हसलो होतो.

मान्यता असलेली तपासणी अल्ट्रासाउंडची. पोटातलं बाळ बघतात तीच, फक्त पंखावर. सांध्यात पोकळी असली तर ती दाखवते. पण दोन थर एकमेकांना नुसते टेकलेत की घट्ट धरून आहेत, हे तिला कळत नाही. गर्दीत खांद्याला खांदा लावून उभे असलेले सगळे काही नातेवाईक नसतात. म्हणून मी ठोका बांधला. लेझरचा एक निमिषाचा फटका कातडीवर मारायचा. त्याची लाट आत जाते आणि परत फिरताना सांध्याला आतून ओढते. पक्का सांधा ढिम्म राहतो, कच्चा सुटतो. मोठ्या कंपन्यांकडची असली यंत्रं खोली भरून असतात, माझं हातगाडीवर मावतं. पण त्याला अजून मान्यता नाही. थोडक्यात, ठोक्याचं मत म्हणजे घरात सुनेचं मत.

आणि सून एकदा खोटी ठरलेली आहे. मागे शेपटीच्या एका पट्टीवर ठोक्याने अशीच बोंब मारली होती. कापून बघितलं तर सांधा अगदी खणखणीत. ते अजून कुणी विसरलेलं नाही. मीही नाही.

पहिलं उड्डाण पंधरवड्यावर आलंय. वैमानिक माझा दीर.

६ नोव्हेंबर

शेवटी त्याला सांगितलं. तो ओरडेल अशी तयारी करून गेले होते, पण ओरडला नाही. बेसिनपाशी हात धूत होता, धूतच राहिला.

"कुठे? मुळाशी की टोकाकडे?"

"मुळापासून दीड हात. कण्याच्या खालच्या बाजूला."

"त्याच्या अलीकडे? जिथे खालचा टेकू येतो तिथे?"

"तिथे माझं मशीन पोचत नाही. टेकू आडवा येतो."

त्याने नळ बंद केला. मग म्हणाला, "तो भाग चिकटवला तेव्हा सुकवणीच्या खोलीवर कोण होतं, आठवतं का गं तुला?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "म्हणजे आता खापर पोरांवर फोडायचं? तुझा डिंक सोन्याचा, चुकले ते कामगार, असंच ना?" तो हात पुसून निघून गेला. माझ्या यंत्राबद्दल एक शब्द नाही. निदान 'चुकीचं आहे' म्हणाला असता तरी चाललं असतं.

९ नोव्हेंबर

मालकांच्या खोलीत बैठक. मालक वाईट माणूस नाही, हे आधी लिहून ठेवते. पण त्यांच्या टेबलावर त्या विमानाचं छोटं लाकडी मॉडेल असतं आणि बोलताना त्यांचा हात सारखा त्याच्यावरून फिरतो.

मी म्हटलं, पंख कापून बघू.

"बाई, बघू म्हणजे काय? कापलेला पंख परत जोडता येतो का? दुसरा होईपर्यंत हा कारखाना राहील का? बाहेर साठ माणसं काम करतायत, त्यांना तुम्ही सांगणार?" मग नवऱ्याकडे वळून, "मास्तर, तुम्ही बोला. पंख तुमचा आहे."

तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "अल्ट्रासाउंड स्वच्छ आहे."

एवढंच. खोटं नाही, खरंच स्वच्छ आहे. पण मला कुणीतरी भर चौकात उभं करून गेल्यासारखं झालं. परतताना जिन्यात तो माझ्या दोन पायऱ्या पुढे होता. हाक मारली असती तर थांबला असता. मी मारली नाही.

११ नोव्हेंबर

रविवार. भावजी जेवायला आले होते. मी ठरवूनच बसले होते की काही झाकायचं नाही, तेव्हा सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सासूबाईंचा हातातला घास हातात राहिला.

भावजी हसले. "वहिनी, तुझं ते यंत्र माझ्यावरही मार एकदा. मीही कुठेतरी कच्चा निघेन."

"चेष्टा नाही भावजी."

"बरं, मग तूच सांग. उडू की नको?"

आणि मला सांगता येईना! 'नको' म्हणायला तोंड उघडलं आणि ती शेपटीची पट्टी डोळ्यांपुढे आली. म्हटलं, "खात्रीने नाही सांगता येत."

"दादा, तू सांग."

हा ताटाकडे बघून म्हणाला, "सर्दी बरी झाली का तुझी?"

"कान तेवढा दडतो अजून. विषय नको बदलूस."

"विषय नाही बदलत. औषध घे म्हणतोय."

भावजींनी खांदे उडवले. "दादाने बनवलंय ना, मग मी उडवणार. लहानपणी याने बनवलेल्या गाडीवरून उतारावरून मीच सुटायचो. दात पडला होता, पण गाडी शाबूत होती."

ते गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "खरं सांग. तुझं खरं निघालं तर धाकटा जातो. खोटं निघालं तर थोरल्याची अब्रू जाते. होय ना?"

"होय, आई."

"मग मी देवाला मागू तरी काय?" त्या म्हणाल्या आणि फडक्याने आधीच पुसलेला ओटा परत पुसायला लागल्या.

१५ नोव्हेंबर

उड्डाण पुढे गेलं. इंधनाच्या पंपाचं एक सील झिरपतंय. नवऱ्यानेच दाखवून दिलं म्हणे. हा पंपाकडे कशाला गेला होता कोण जाणे, ते त्याचं कामच नाही. एरवी पंखापलीकडे विमान असतं हे त्याला ठाऊक नसतं. मालक वैतागले, मिस्त्री वैतागले. "झिरपतंय कुठे, नुसतं ओलसर आहे," असं मिस्त्री चारचौघांत म्हणाला. तरी बदलावं लागलं.

मला आठवडा मिळाला. दैवाची कृपा. सगळा दिवस ठोका त्या दोन जागांवर मारत बसले. कधी नापास, कधी पास. कच्च्या सांध्याचं असंच असतं. किंवा कच्च्या यंत्राचं. मनात एक घाणेरडा विचार येतो, तोही लिहिते. त्याचा डिंक नावाजला जातोय आणि माझा ठोका हातगाडीवर पडून आहे. म्हणूनच मला तिथे खोट दिसतेय, असं तर नाही ना?

१९ नोव्हेंबर

भावजींना उडायला बंदी. वैमानिकांच्या डॉक्टरांनी अचानक बोलावून कान तपासले. पडद्याला सूज आहे, महिनाभर जमिनीवर. भावजी लालबुंद होऊन घरी आले. "कान दडतो हे डॉक्टरला सांगितलं कुणी? आपल्या चौघांशिवाय कुणाला माहीत होतं?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनीच केलं असणार, आईच ती. नंतर एकटीला गाठून विचारलं तर म्हणाल्या, "मी? मला त्या डॉक्टरचा फोन तरी लावता येतो का? पण ज्याने केलं त्याचं भलं होवो." मनात आणलं तर माणूस कुठूनही फोन लावतो. मी जास्त खोदलं नाही.

हा ऑफिसातून आला, बातमी ऐकली, "अरेरे" म्हणाला आणि जेवला. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. भावाचं उड्डाण हुकलं आणि याला भूक! कधी कधी मला हा माणूस कळतच नाही.

२० नोव्हेंबर

सगळं घर हलकं झालंय. सासूबाई गुणगुणत भाजी निवडत होत्या. मीही सकाळी आरशासमोर गाणं म्हणत होते आणि मध्येच थांबले. पंख तोच आहे. सांधा तोच. आमचा माणूस आत बसणार नाही, एवढंच बदललं. तेवढ्यावर मला गाणं सुचलं.

२३ नोव्हेंबर

मालकांनी बाहेरून वैमानिक आणली. बाई आहे. बारीक केस, मोठा आवाज, खिशात पेपरमिंट. आल्या आल्या सगळे तिला कॅप्टन म्हणायला लागले. विमानाभोवती दोन चकरा मारून तिने माझ्या नवऱ्याशी हात मिळवला. "पंखाला एक खिळा नाही म्हणतात. हात दाखवा तुमचे." तिने खरंच त्याचे तळवे उलटसुलट करून बघितले आणि सगळे हसले. हा हसला नाही. घामाने भिजलेले हात त्याने पँटला पुसले.

रात्रीचं जेवण त्याने टाळलं. पोट बिघडलंय म्हणाला.

२६ नोव्हेंबर

उद्या उड्डाण. आज दुपारी कॅप्टनला गाठलं. ती कँटीनच्या बाहेर कट्ट्यावर बसून मुलीशी फोनवर बोलत होती. मुलीचा गणिताचा पेपर होता वाटतं. "आधी सोपी सोडव, मग अवघड," असं दोनदा सांगून तिने फोन ठेवला. मी सगळं सांगितलं. ठोका, दोन जागा, खोटी ठरलेली पट्टी, काही लपवलं नाही.

तिने नीट ऐकून घेतलं. "खात्री किती?"

"निम्मी."

"निम्म्या खात्रीवर मी घरातून बाहेरच पडले नसते." मग पेपरमिंट पुढे केलं. "तुमच्या दिराला हे सांगितलं होतं?"

"हो."

"आणि तो उडणार होता?"

"हो."

"तुम्ही उडू दिलं असतं त्याला? शेवटच्या क्षणी? शिडीवर पाय ठेवताना?"

मी पेपरमिंटचा कागद उलगडत राहिले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला वाटतं, तिला उत्तर मिळालं. पण ती व्यवसायाने वैमानिक आहे. उठता उठता म्हणाली, "मी कागद बघून उडते, बाई. कागद स्वच्छ आहेत. काही दाखवता आलं तर सकाळपर्यंत दाखवा."

काय दाखवू? पंखाच्या आत माझी निम्मी खात्री आहे आणि ती बाहेर काढायला पंख कापावाच लागतो.

२७ नोव्हेंबर

घाईघाईने लिहितेय, हे अक्षर नंतर मला तरी लागेल का, देव जाणे.

सकाळी पहिल्या पाळीच्या आधी हँगरमध्ये गेले. ड्रिल आणि त्याला लावायची भोक पाडायची गोल करवत पर्समध्ये घालून, चोरासारखी. उजाडलं होतं. कौलाच्या काचांतून पंखावर ऊन पडलं होतं आणि पंख इतका सुरेख दिसत होता की मला रडूच आलं. ठरवून आले होते. माझ्या खुणेवर बशीएवढं भोक पाडायचं आणि आतला सांधा हातात घेऊन बघायचा. पक्का निघाला तर मी नवऱ्याची हयात, साठ माणसांची चूल आणि स्वतःचं तोंड, सगळं एका भोकात घातलं. पण भोक पडलेला पंख उडणार तरी नाही.

पंखाखाली नवरा बसला होता. जमिनीवर, पाठ टेकून, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवलेला. माझ्यावर पाळत ठेवून होता वाटतं. घरातून फिरायला म्हणून निघाला होता.

"बाजूला हो," मी म्हटलं. "ओरड, बोलाव कुणाला बोलवायचं ते. मी कापणार आहे."

तो उठला. माझ्या हातातलं ड्रिल धरलं. मी सोडेना. झोंबाझोंबीच झाली म्हणा ना, या वयात! मग तो अगदी हळू म्हणाला, "दे. तुझा हात हलतोय."

मला वाटलं, संपलं. घेऊन जाणार.

तो स्टुलावर चढला, खालचा टेकू दोन बोल्ट काढून उतरवला आणि करवत लावली. मी ओरडले, "अरे, खूण तिथे नाही! पुढे आहे!" ऐकेचना. माझ्या खुणांकडे बघितलंसुद्धा नाही. काळी धूळ उडाली, त्याच्या भुवयांवर बसली. चकती निघाली. त्याने ती हातावर घेऊन अंगठ्याने नुसती दाबली.

थर सरकले. साबणाच्या वडीवरचा कागद निघावा तसे दोन्ही वेगळे झाले. आतली बाजू काचेसारखी चकचकीत. धरलेल्या सांध्याची बाजू खरबरीत, फाटलेली असते. इथे डिंकाने काही पकडलंच नव्हतं. दमटपणा राहून गेला की असं होतं.

नशीब म्हणायचं की घाईत त्याने चुकीच्या जागी भोक पाडलं आणि तीच जागा सगळ्यात कच्ची निघाली.

तो खाली बसला. "झालं," म्हणाला. धक्का एवढा बसला असावा की चेहऱ्यावर आश्चर्यसुद्धा उमटलं नाही. मी त्याच्या भुवयांवरची धूळ पुसली. त्याने पुसू दिली.

कॅप्टनने ते दोन तुकडे हातात घेतले, उन्हात धरले. दोन वेळा एकमेकांवर ठेवून उचलले. मग हेल्मेट काखेत मारून फोन करायला बाहेर गेली.

२८ नोव्हेंबर

मालकांनी दोघांनाही कामावरून काढलं. "वाळवी बाहेरून येते असं वाटत होतं. आमच्या घरात पगारी होती." मग म्हणाले, एक बशीभर जागा कच्ची निघाली म्हणजे डिंक खोटा होत नाही. उजवा पंख ते सांगाड्यावर चढवून सगळ्यांसमोर ओढणार. टिकला तर आम्हा दोघांवर खटला. नाही टिकला तर... ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. हात मॉडेलवर होता.

उजव्या पंखावर ठोक्याला एकच पुसटशी शंका आली होती. मी आता स्वतःलाच विचारतेय, टिकावा की मोडावा? टिकला तर आम्ही रस्त्यावर. मोडला तर सगळेच रस्त्यावर. खरं काय ते कळावं, असं म्हणायला शूर माणूस लागतो. मी आज शूर नाही.

३० नोव्हेंबर

भावजी आले. मला वाटलं मला बोलणार. पण ते सरळ याच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. "दादा, मला सांगायचं होतंस. डायरेक्ट. मी ऐकलं असतं."

"नसतं ऐकलंस," हा म्हणाला. "मीच ऐकत नव्हतो."

काय सांगायचं होतं, कुणाचं ऐकायचं, मला संदर्भ लागला नाही. मी भांडी विसळत होते. नंतर बाहेर आले तेव्हा दोघं एकाच कॉटवर बसले होते आणि सासूबाई दोघांच्या मध्ये उभ्या राहून एकाच टॉवेलने दोघांची डोकी पुसल्यासारखं काहीतरी करत होत्या. मी परत आत गेले.

४ डिसेंबर

आज उजवा पंख ओढला. आम्हाला फाटकावर अडवतील असं वाटलं होतं, पण पहारेकऱ्याने मान खाली घालून सोडलं.

सांगाड्यात पंख आडवा जखडलेला. वरून पट्ट्या, पट्ट्यांना दट्टे, दट्टे पंखाला आकाशाकडे ओढणार. आयुष्यात कधी वाट्याला येईल त्या जास्तीत जास्त ओढीला आम्ही शंभर धरतो. पंख दीडशेपर्यंत टिकायला हवा. सगळा कारखाना जमला होता. रंगारी, मिस्त्री, कँटीनवाली, हिशेबनीस, सगळे. आमच्या दोघांच्या बाजूला दोन हात जागा मोकळी सोडून. कॅप्टन तेवढी येऊन आमच्या जागेत उभी राहिली.

मालक स्वतः आकडा वाचत होते. पन्नास. सत्तर. पंखाचं टोक वर उचललं जात होतं. नव्वद. शंभरला टाळ्या पडल्या. मालकांनी माझ्याकडे बघितलं, त्यात राग नव्हता, विनवणी होती. जणू माझ्या हातात होतं. मी खरंच सांगते, त्या क्षणी मी मनात म्हणत होते, टिक. टिक रे बाबा. आम्ही जाऊ तुरुंगात.

एकशे चौदाला तोफ उडाल्यासारखा आवाज झाला.

कातडी कण्यापासून सोलून निघाली आणि टोक खाली आपटलं.  धूळ खाली बसेपर्यंत सगळे तसेच उभे. कॅप्टन पुटपुटली, "उडालं असतं ते. पहिल्या दिवशी मजेत उडालं असतं." आणि पुढे कधीतरी, भरलेलं असताना, वादळात. तिने ते म्हटलं नाही. ती मालकांकडे गेली, त्यांचा दंड धरून त्यांना खुर्चीवर बसवलं.

माणसं एकेक करून निघाली. आपले कप, डबे, खुंटीवरचे स्वेटर घेऊन. कँटीनवालीने जाताना माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मी लिहू शकत नाही. तिच्या घरी तीन शाळकरी मुलं आहेत. आम्ही बरोबर निघालो आणि मला त्याची इतकी लाज वाटली की मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवरा सांगाड्याखाली शिरला होता. चुराड्यात गुडघे टेकून एक लांब कपचा उलटून बघत होता. वीजवाल्याने वरचे दिवे मालवायला घेतले. "चला मास्तर. बंद करायला सांगितलंय."

"थांब जरा."

"आता काय राहिलंय, मास्तर?"

याने कपचा माझ्याकडे धरला. "ये इकडे. ही बाजू बघ, इथे कार्बनच फाटलाय. आणि या बाजूला नुसता डिंक सुटलाय. मध्ये ही रेघ आहे बघ, बारीक, पांढरी. ही कसली?"

मला माहीत नव्हतं. अशी रेघ मी कधी बघितली नव्हती.

"उजेडात धर," म्हटलं आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकले. वीजवाला हात खटक्यावर ठेवून उभा राहिला. शेवटचा दिवा त्याने तसाच ठेवला.